लाभ, दोन, तीन

आमच्या ईश्वरीला पहिलीत घालायची वेळ आली तेव्हा घरात जे भांडण झालं, ते मी जिंकलं. मी भांडण जिंकलं यात नवल काही नाही. नवल हे, की जिंकल्यावर पुढे महिनाभर मला घास गोड लागला नाही.

ईश्वरी माझ्या कल्याणची मुलगी. कल्याण जालन्याला कंपनीत, सूनबाई वंदना तिथेच एका दवाखान्यात नर्स. दोघांच्या पाळ्या बदलत्या, म्हणून पोरगी दीड वर्षाची झाली तेव्हापासून जाफराबादेजवळ आमच्या गावी, माझ्यापाशी वाढली. आता सहाची झाली तर वंदना म्हणाली की तिला जालन्याच्या शाळेत घालू, तिथे पहिलीच्या पोरांना संगणक दाखवतात. मी म्हणाले, संगणक आमच्याही शाळेत आहे. कपाटात आहे, पण आहे. शेवटी ठरलं ते असं, की महिनाभर पोरगी गावच्या शाळेत जाईल. महिनाअखेरीला शाळा पालकांना बोलावते आणि मुलं काय शिकली ते दाखवते. त्या दिवशी वंदना येऊन बघेल. पोरगी काही शिकलेली दिसली तर राहील, नाहीतर त्याच दिवशी दप्तरासकट जालन्याला.

"फकत एक करा आत्या," जाताना वंदना म्हणाली. "तुम्ही तिला काही शिकवू नका. शाळेला शिकवू द्या."

हे तिनं बोलायला नको होतं. मी स्वतः शाळा दुसरीपर्यंत शिकले, त्यातली दुसरी अर्धीच. पण या घरातलं धान्य चाळीस वर्षं माझ्या हातानं मापून कणगीत गेलं आहे आणि एका मापाचा फरक कधी पडला नाही. मी म्हणाले, "तुझ्या जालन्याच्या पोराईला दहा येतील तवर माझी पोरगी पन्नास मोजंल."

आणि मोजले तिनं. रोज संध्याकाळी दळणाची ज्वारी काढताना मी तिला समोर बसवायचे. माझं माप पडलं की तिनं आकडा म्हणायचा. पंधरा दिवसांत पोरगी पन्नासापर्यंत अशी धावायला लागली, की मधे कुणी हाक मारली तरी थांबेना. शाळा उघडली त्याच दिवशी अरुंधती मॅडमनी विचारलं, आकडे कुणाला येतात? ईश्वरी उठली, दोन्ही हात मागे बांधले आणि सुरू झाली.

"लाभ, दोन, तीन, चार..."

ज्यांच्या घरी धान्य पिशवीतून येतं त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात माप घालताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. एक म्हणजे एकटं, त्याच्यामागं कुणी येत नाही. म्हणून पहिलं माप लाभाचं, मग दोन. माझ्या सासूनं मला असंच शिकवलं. तिचंच दुसरं शिकवणं असं, की घरातली वस्तू संपली तरी संपली म्हणायचं नाही, उदंड झाली म्हणायचं. वंदना नवी नवरी होती तेव्हा साखर उदंड झाली असं मी तिला दोनदा सांगितलं. तिनं कल्याणला निरोप दिला, साखर आणू नका, घरात लई आहे. आम्ही आठ दिवस बिनसाखरेचा चहा प्यायलो. मी हट्टानं प्यायले, कारण संपली हा शब्द तोंडातून काढणं मला जमेना.

मॅडमनी पहिल्या दिवशी कौतुकच केलं म्हणे. पण दुसऱ्या दिवसापासून त्या दोन दिवस प्रशिक्षणाला गेल्या. आमच्या शाळेत वर्ग चार आणि शिक्षक दोन. राहिलेल्या शिवाजी सरांच्या गळ्यात चारही वर्ग आले. त्यांनी विचार केला, पहिलीत एक पोरगी पन्नासापर्यंत म्हणते, तर तिला पुढे उभं करू आणि बाकीच्यांना मागून म्हणू देऊ. मॅडम परत आल्या तेव्हा पहिलीची बावीस मुलं आणि भिंतीपलीकडून ऐकणारी अर्धी दुसरी, सगळी लाभापासून मोजत होती.

शेजारची दैवशाला हसत हसत सांगायला आली, की तिच्या सुमितला तोंडावर नाकं किती म्हणून विचारलं तर लाभ म्हणतो. मला गर्व वाटला. मला गर्व लवकर वाटतो. गावच्या शाळेत आपला अभ्यासक्रम लागू झाला, अशा थाटात मी त्या दिवशी गिरणीत गेले आणि नंबर नसताना दळण पुढे ठेवलं.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर अरुंधती मॅडम घरी आल्या. जाफराबादेची जीप सुटायला अर्धा तास होता, चहा घेईन म्हणाल्या. बाई बोलायला मऊ. मऊ माणसाशी भांडता येत नाही, हा माझा अनुभव आहे. त्यांनी ईश्वरीचं आधी भरपूर कौतुक केलं. मग म्हणाल्या की आज वर्गात वजाबाकीचा खेळ घेतला. वाटीत पाच चिंचोके होते, पाचही काढून घेतले आणि ईश्वरीला विचारलं, वाटीत किती उरले?

"ती म्हणाली, उदंड," मॅडम म्हणाल्या. "आणि तिचं ऐकून सगळा वर्ग म्हणाला."

"मंग काय म्हणावं मॅडम?"

"शून्य म्हणतात, आजी."

"आसंल तुमच्या शाळेत. आमच्या घरात शून्य न्हाई."

मॅडम चहाच्या कपात बघून हसल्या. त्या म्हणाल्या की तुमची रीत चांगली आहे, तिला मी नावं ठेवत नाही. पण महिनाअखेरीला पालकांपुढे एकेक मूल उभं राहणार, आणि तिथे एक आणि शून्य दोन्ही लागणार. कपात चहा होता तसाच ठेवून त्या जीपकडे गेल्या. वंदना समोर बसलीय, पोरगी उभी राहून लाभ म्हणतेय, आणि कल्याण दप्तर उचलतोय, हे मला चुलीपुढे बसल्या बसल्या दिसायला लागलं. शाळेला शिकवू द्या म्हणून ती सांगून गेली होती.

मी ठरवलं, आपणच बिघडवलं, आपणच दुरुस्त करू. संध्याकाळी ज्वारी काढायला बसले. पहिलं माप भरलं, तोंड उघडलं, आणि जीभ काही एक म्हणेना. जिभेला एवढी वर्षं मी वाटेल ते बोलायला लावलं, कधी माघार घेतली नव्हती तिनं. चारदा माप भरलं, चारदा परत ओतलं. ओसरीवर आमचे मालक अडकित्त्यानं सुपारी फोडत बसले होते. ते म्हणाले, "चाळीस वर्षं हिनं मला एक शब्द बोलू दिला न्हाई. आता हिलाच बोलता येईना."

मग मी अक्कल लढवली. माझी अक्कल आधीच्या घोटाळ्याला पुरून उरेल असा नवा घोटाळा नेहमी करते. मी ठरवलं, पहिल्या मापाला काहीच म्हणायचं नाही. लाभही नाही आणि एकही नाही. माप कपाळाला लावायचं, मनातल्या मनात काय ते म्हणायचं, आणि दोनपासून मोठ्यानं मोजायचं. आणि काही उरलं नाही तर गप्प बसून नुसते रिकामे हात दाखवायचे. म्हणजे रीतही राहिली आणि शाळाही राहिली. पोरीनं ते एका संध्याकाळीत उचललं.

आठवड्यानं मॅडमनी शाळेतून निरोप पाठवला, जरा येऊन जा. मी गेले तर वर्गात मोजणी चालू होती. बावीस मुलांनी बावीस चिंचोके कपाळाला लावले, डोळे मिटले, क्षणभर सगळीकडे शांतता झाली, आणि मग एकदम दोन, तीन, चार. कुणाच्या तरी दहाव्याला आल्यासारखं वाटलं मला. मॅडमनी रिकामी वाटी वर धरून विचारलं, किती? सगळ्या वर्गानं तळहात पसरून दाखवले.

मॅडम मला दाराबाहेर घेऊन आल्या. "आजी," त्या हळूच म्हणाल्या, "आधी मुलं वेगळं बोलत होती. आता ती मुकी झाली."

मी विचारलं, आता काय करावं? त्या म्हणाल्या, घरी काहीच करू नका, रोज तासभर वर्गात येऊन बसा. मी म्हणाले बसते. म्हटलं, मुलांवर लक्ष ठेवायला बोलावत असतील. गेल्यावर कळलं की मला पहिलीतच बसायचं आहे, मुलांसारखं, सतरंजीवर.

आता पहिलीची मुलं सुरुवातीला काय शिकतात ते मी तुम्हाला सांगू शकते. बिया निवडतात. मण्यात दोरा ओवतात. कागदाचे बोळे करतात. एका पायावर उभी राहतात. यातलं पहिलं मला येतं. चौथं करताना मी सुमितच्या अंगावर पडले. गटागटानं चिंचोके मोजायचे होते. आमच्या गटात ईश्वरी, सुमित आणि मी. माझी पाळी आली. मी चिंचोका उचलला आणि सवयीनं हात कपाळाकडे गेला. ईश्वरीनं माझं मनगट धरलं.

"आज्जे, ह्ये चिंचोके हैत. ह्याची भाकर होत न्हाई," ती म्हणाली. "घरी जवारी मापायची तर लाभ म्हणायचं. हितं एक म्हणायचं. येवढंच हाय."

मी विचारलं, हे तुला मॅडमनी सांगितलं का? ती म्हणाली, न्हाई, मलाच समजलं. आणि शून्याचं काय? तर म्हणाली, शून्याला काय भ्यायचं, ते नुसतं गोल असतं. जी गोष्ट माझ्या डोक्यात इतके दिवस गुंता करून बसली होती, तिचे पोरीनं दोन वाटे करून दोन जागी ठेवले होते. बाकीच्या मुलांना तर तिनं आदल्याच दिवशी समजावून टाकलं होतं. वर्गात मागे राहिलेली मी एकटीच.

मला चार दिवस लागले. चौथ्या दिवशी चिंचोका हातात धरून, घाम पुसून, मी "एक" म्हणाले. वर्गानं टाळ्या वाजवल्या. सुमितनं मला त्याचा पेरू अर्धा दिला.

महिनाअखेरच्या शनिवारी पालक आले. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या होत्या. वंदना आणि कल्याण पुढच्या ओळीत. वंदनाच्या हातात फोन, फोटो काढायला. ईश्वरी उभी राहिली. एकपासून पन्नासापर्यंत मणी मोजले, रंग वेगळे केले, पाचातून पाच गेले तर शून्य म्हणाली, आणि न विचारता शून्य फळ्यावर काढूनही दाखवलं. वंदनाचा फोन खाली आला. मी मागे बसल्या बसल्या इतकी फुगले की दैवशालानं बाजूला सरकून जागा दिली. जिंकले होते मी.

"मॅडम, पोरगी तर लई हुशार निघाली," वंदना म्हणाली. "मंग तर हिला जालन्यालाच न्यावं लागंल. येवढी हुशार पोरगी हितं ठेवून कसं चालंल?"

कल्याणनं मान हलवली. शेवटी जो बोलतो त्याला तो मान हलवतो.

पोरगी मागे राहिली तर शाळा बेकार म्हणून नेणार, आणि पुढे गेली तर पोरगी हुशार म्हणून नेणार, हे मला महिनाभरात एकदाही सुचलं नव्हतं. भांडायला तोंड उघडलं, पण भांडणार कशावरून? पोरगी हुशार नाही असं म्हणून?

तेवढ्यात ईश्वरीच बोलली. "मम्मी, मी येईन. पण आत्ता न्हाई येता येनार."

"का गं?"

"आज्जीला अजून एक येत न्हाई. मी शिकवून राह्यले तिला."

सगळा व्हरांडा वळून माझ्याकडे बघायला लागला. तीस-चाळीस माणसं. त्यातल्या निम्म्या बायांना मी लोणच्यापासून लेकरांपर्यंत सगळं शिकवलेलं, त्यांनी विचारलेलं नसताना. मी ईश्वरीकडे बघितलं. मी एक म्हणाले त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत तीच सगळ्यांत पुढे होती. पण पोरगी माझ्याकडे बघतच नव्हती. फळ्यावरचं शून्य बोटानं आणखी गोल करत होती.

"खरं हाय का आत्या?" वंदनानं विचारलं. मग चिंचोक्यांची वाटी माझ्यापुढे सरकवली. "बघू, मोजा बरं."

मी एक चिंचोका उचलला. मला येत होतं. चार दिवस घाम गाळून आलेलं होतं, जिभेच्या टोकावर तयार बसलं होतं, आणि सगळं गाव ऐकायला बसलं होतं. मी घसा खाकरला.

"लाभ," मी म्हणाले.

दैवशालानं तोंडाला पदर लावला. मागून कुणीतरी फस्सकन हसलं, मग बरेच जण हसले. मालकांना खोकला आला तो बराच वेळ थांबेना. मी मान खाली घालून बसले, आणि मान खाली घालायची मला सवय नसल्यामुळे ती दुखायला लागली.

वंदना माझ्याकडे बघत होती, मग पोरीकडे, मग परत माझ्याकडे. शेवटी तिनं मॅडमना विचारलं, "मॅडम, किती दिवस लागतील ह्यांना?"

अरुंधती मॅडमनी हजेरीपट मिटला. त्यांचा चेहरा अगदी गंभीर होता.

"आजींची प्रगती जरा सावकाश आहे," त्या म्हणाल्या. "चौथीपर्यंत तरी धरा."