मेश्रामला मारलेली हाक

आमच्या ऑफिसातला मेश्राम हाक मारली की आधी एक बोट वर करतो. म्हणजे, ऐकलं. मग हातातली ओळ पूर्ण करून तुमच्यापाशी येतो, न चुकता. त्या बोटावर सगळं ऑफिस फिदा आहे. मी घरी हाक मारली तर टीव्हीचा आवाज वाढतो, त्यामुळे मला ते बोट फार खुपतं.

मनीषनगरात आम्ही शेतातल्या पंपांसाठी छोटे संगणक बनवतो. त्यांचा कारभार पाहणारा आतला प्रोग्रॅम म्हणजे कर्नल. सर्किटवर काय कुठे बसवलंय, हे त्याला लिहून सांगावं लागतं आणि ते मेश्रामसारखं कुणालाच जमत नाही. नवख्यांना तो तर्री-पोह्याच्या ठेल्यावर नेऊन शिकवतो.

"तो कढईवाला म्हणजे कर्नल. गिऱ्हाईक ओरडून राहिले, ते इंटरप्ट, पण कोणाचं आधी घ्यायचं ते त्याची बायको ठरवते. ती इंटरप्ट कंट्रोलर. फक्त ती कुठं उभी आहे, हे त्याले आधी सांगा लागते गा! कर्नलले सोताहून काही दिसत नाही."

ती पोहेवालीसुद्धा पोह्यांवर त्यालाच जास्त झणझणीत तर्री ओतते.

मागच्या महिन्यात साहेबांसमोर माझा पंप कोरडाच फिरत राहिला. सेन्सरने दिलेला पाणी संपल्याचा इशारा कर्नल मधूनमधून चुकवत होता. मी आठवडाभर डोकं फोडलं. मेश्रामने चहा संपायच्या आत मी लिहिलेलं सर्किटचं वर्णन वाचून काढलं.

"टकटक करून निघून जाते, असं काहून लिहिलं? हा सेन्सर दारात उभाच राहते, कोणी येईपर्यंत."

त्याने एक शब्द बदलला. पंप वेळेवर थांबला, साहेबांनी त्याची पाठ थोपटली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

याचं गुपित तरी काय, म्हणून रविवारी मी त्याच्या जरीपटका वस्तीतल्या घरी धडकलो. आत खाटेवर त्याचे बाबा होते, वाचा गेलेली. हाताशी एक बटण. आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो, तेवढ्यात भिंतीवरचा लाल दिवा लागला. मेश्रामने दिव्याकडे पाहून बोट वर केलं, गॅस बंद केला आणि आत गेला. बाबांना कुशीवर वळवलं, पांघरूण सारखं केलं. मग खाटेमागचं दुसरं बटण दाबलं, तेव्हा दिवा विझला.

"आधी घंटी होती," तो म्हणाला. "एकदा वाजली की झालं. मी हेडफोन लावून काम करून राहिलो होतो. बाबा खाली पडून होते गा, मले दुपारी कळलं."

गॅस पुन्हा पेटवत म्हणाला, "आता बाबांजवळ गेल्याशिवाय दिवा विझत नाही."

घरी येऊन मी हाक मारली. टीव्हीचा आवाज वाढला. पोटात पुन्हा दुखलं, पण या खेपेला हेवा मेश्रामचा नव्हता, त्याच्या बाबांचा होता.