कोऱ्या पाटीची गाडी

एर्मेलिंडा बेटनकोर्टची निळी गाडी धुराच्या चाचणीत नापास झाली, आणि गंमत म्हणजे तिच्यातून धूर येतच नव्हता.

"मग नापास कशी?" तिने विचारलं.

हॅनफर्डमधलं चाचणी केंद्र चालवणारा रामीरो हात पुसत म्हणाला, "बाई, गाडीला काही आठवतच नाहीये. आतला कॉम्प्युटर चालता चालता इंजिन तपासतो आणि नोंद ठेवतो. मी ती वाचतो. तुमच्या गाडीची पाटी कोरी आहे. कुणी पुसली?"

एर्मेलिंडाने गाडीकडे पाहिलं. पुढच्या सीटवर बसलेला शेजारी डॅरल होकस्ट्रा अचानक पेपरात डोकं खुपसून बसला. परवा इंजिनचा पिवळा दिवा लागला होता. डॅरलला सुनेने नाताळात एक यंत्र दिलं होतं. ते गाडीला लावून बटण दाबलं की दिवा विझे. तेव्हापासून तो कुणाच्या गाडीत दिवा लागतोय याची वाटच बघत असे.

"दिवा गेला होता की नाही?" गाडीत बसता बसता डॅरलने विचारलं.

"गेला. त्याच्याबरोबर गाडीची अक्कलही गेली."

पाटी पुन्हा भरायचा रामीरोने सांगितलेला उपाय सोपा होता. हायवेवर पंचावन्न मैलांच्या वेगाने वीस मिनिटं न थांबता जायचं, मग गावात थांबत थांबत फिरायचं, असं दोन-तीन दिवस. अडचण एवढीच की चौऱ्याहत्तर वर्षांची एर्मेलिंडा चर्च, दुकान आणि केस कापायचं पार्लर यापलीकडे गाडी नेतच नसे. हायवेवर तिचा नवरा मॅन्युएल चालवायचा. तो जाऊन पाच वर्षं झाली होती.

त्या संध्याकाळी सॅक्रामेंटोहून मुलाचा, डेनिसचा फोन आला. "आई, शनिवारपर्यंत पास झाली नाही तर मी येऊन गाडी विकून टाकतो. किराणा मी घरपोच मागवीन. तुला कशाला हवी वणवण?"

"घरपोच लोकांच्या गप्पा पण मिळतात का रे?" तिने विचारलं आणि फोन ठेवला.

मंगळवारी ती डॅरलला घेऊन निघाली. त्याचा गुडघा नुकताच बदललेला, म्हणून तो चालवणार नव्हता, नुसता सांगणार होता. पाचव्या मिनिटाला पुढे गवताच्या गठ्ठ्यांनी लादलेला ट्रॅक्टर आला.

"ओलांड त्याला."

"समोरून ट्रक येतोय."

"मग ओलांडू नको."

पंचवीसच्या वेगाने ट्रॅक्टरमागे वीस मिनिटं गेली. बुधवारी मात्र सगळं जमलं. पंचावन्नवर काटा स्थिर राहिला, तिचा घट्ट मिटलेला जबडाही हळूहळू सैल झाला. घराच्या दारात पोचल्यावर पिवळा दिवा पुन्हा लागला. ती पत्रं काढायला पेटीकडे गेली, तेवढ्यात डॅरलने सवयीने यंत्र लावून बटण दाबलं.

"विझवला," तो खिडकीतून म्हणाला.

एर्मेलिंडाने पत्रं खाली ठेवली. "डॅरल, दोन दिवसांची मेहनत होती ती."

"अगं, पण दिवा..."

"ते यंत्र घे आणि घरी जा. तुझ्या बायकोला काही विझवायचं असेल तर विचार."

गुरुवारी ती एकटीच निघाली. वाटेत दिवा परत लागला. या वेळी तो तसाच ठेवून ती थेट रामीरोकडे गेली. त्याने कॉम्प्युटर वाचला, मागे जाऊन पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढलं आणि तिच्यापुढे धरलं. त्यातल्या रबराला चीर गेली होती.

"वाफ सुटत होती इथून. एवढंच दुखणं. दिवा तेच सांगत होता बिचारा."

"आणि आम्ही त्याचं तोंड दाबत होतो."

"नवं झाकण बसवा. गाडी भरपूर चालवा, दिवा आपोआप जाईल. कुणी पुसायला आलं तर..."

"येणार नाही. बायकोने त्याला बागेत कामाला लावलंय."

भरपूर म्हणजे किती, हे तिने विचारलं नाही. गुरुवारी दुपारी आणि शुक्रवारी पहाटेपासून ती फिरत राहिली. एकदा तर केटलमन टेकड्यांपर्यंत जाऊन आली. शुक्रवारी दुपारी दिवा विझला. संध्याकाळी रामीरोने तिच्या हातात कागद ठेवला. पास.

शनिवारी दुपारी डेनिस पोचला. कागद बघून शाबासकी द्यायची आणि तरीही हळूच गाडी विकायचा विषय काढायचा, असं त्याने वाटेत ठरवलं होतं. पण दाराला कुलूप होतं आणि गाडीही जागेवर नव्हती. घाबरून त्याने फोन लावला. पलीकडून वारा आणि समुद्रपक्ष्यांचा कालवा ऐकू आला.

"आई, कुठे आहेस तू?"

"मोरो बे गावात, समुद्रावर. मासे फार छान तळतात रे इथे. तू आलास का? किल्ली कुंडीखाली आहे, सूप गरम करून घे."

"एकटी गेलीस? दोन तासांचा रस्ता?"

"तू तर तीन तास आलास," एर्मेलिंडा काळजीने म्हणाली. "आता लगेच परत निघू नको. या वयात एवढं चालवायचं म्हणजे विश्रांती हवी. आणि नाहीच झेपलं तर सांग, उद्या मी सोडते तुला."