पाटी उभी, पाटी आडवी

"काही न बोलण्यात माझा हात कुणी धरून दाखवावा," असं दूरसंचार खात्यातले एक उपसचिव छाती फुगवून सांगायचे, आणि ते खरंच होतं. इंटरनेटला सगळ्या सरकारांनी मिळून वेसण घालावी की ते आहे तसं मोकाट सोडावं, यावरचा आंतरराष्ट्रीय करार अकरा वर्षं रखडला होता. अकराही वर्षं या गृहस्थांनी देशाची भूमिका एकाच शब्दावर तोलून धरली होती. 'विचाराधीन.' खात्यात त्यांचं नावच विचाराधीनराव पडलं होतं. घरी बायको भाजी काय करू विचारायची, ती उत्तराची वाट न बघता.

कारणही तसंच होतं. करार हवा असलेला एक बडा देश समुद्राखालची केबल फुकट टाकून देणार होता. करार नको असलेला दुसरा बडा देश उपग्रह देणार होता. मंत्र्यांना केबलही हवी होती आणि उपग्रहही. "तेव्हा यंदाही हो नाही आणि नाहीही नाही," सचिवबाईंनी रावांना परिषदेला निघताना बजावलं. "कोरे परत या, सहसचिवाची कॅबिन तुमची."

कॅबिन! एकोणीस वर्षं रावांचं टेबल कपाट आणि पाण्याचा कूलर यांच्या बेचक्यात होतं. पाणी प्यायला येणारा जो तो त्यांच्या फायलीवर चार थेंब सांडून जायचा. त्या कॅबिनला दार होतं, खिडकी होती. बायकोने खिडकीचं माप मागवून घेऊन फुलाफुलांचे पडदे शिवूनसुद्धा टाकले होते.

आता परिषदेची रीत अशी, की प्रत्येकापुढे देशाच्या नावाची पाटी असते. आडवी म्हणजे आम्ही गप्प, उभी म्हणजे आम्हाला काही म्हणायचंय. रावांच्या पाटीने अकरा वर्षांत कधी मान वर केली नव्हती. पण यंदा खुर्ची मिळाली ती नेमकी एसीच्या जाळीसमोर. तासाभरात कान बधिर झाले. रावांनी हेडफोन काढून ठेवला, मफलर कानांवरून घट्ट गुंडाळला, तरी झोत गळ्याशी येतच राहिला. शेवटी त्यांनी समोरची पाटी आडोशाला उभी केली आणि तिच्यामागे हनुवटी लपवली. जरा बरं वाटलं.

नेमके तेव्हाच चर्चेला विटलेले अध्यक्ष म्हणाले, की मतदान राहू दे, नुसता अंदाज घेऊ, करार हवा असलेल्यांनी पाट्या उभ्या कराव्यात. मफलरमधून रावांना यातलं अवाक्षर ऐकू आलं नाही. आजूबाजूला धडाधड पाट्या उभ्या राहिलेल्या मात्र दिसल्या. चला, सगळ्यांनाच गार लागतंय तर, असं म्हणून त्यांना हायसं वाटलं.

मग समोरच्या भल्यामोठ्या स्क्रीनवर यादी झळकली. करार हवा असलेल्यांत आपला देश! रावांच्या पायाखालची जमीनच सरकली. उपग्रह गेला, कॅबिन गेली, पडदे गेले. त्यांनी पाटी पाडली आणि मफलर ओरबाडून काढला. आम्ही काहीच म्हटलेलं नाही, एवढं सांगायला हवं होतं. पण ते सांगायला परवानगी हवी, आणि परवानगीसाठी पाटी उभी करायला हवी. रावांनी ती उभी केली, वर डोक्यावर धरून गदागदा हलवली. हेडफोन कानाला लागेपर्यंत अध्यक्ष म्हणत होते, "विरोधातल्या पाट्याही मोजून झाल्या. धन्यवाद."

आता देशाचं नाव दोन्ही याद्यांत होतं. उरलेला दिवस राव पाटी मांडीवर घेऊन, तिला दोन्ही हातांनी दाबून बसले.

विमानतळावरून त्यांनी बायकोला फोन केला. "पडदे कुणाला देऊन टाक."

"राहू देत. कपाटाशेजारचा नवराच मला सवयीचा आहे," ती म्हणाली. रावांना भर गर्दीत भरून आलं.

दुसऱ्या दिवशी ते अकरा पानी खुलासा घेऊन मंत्र्यांपुढे उभे राहिले. टेबलावर दोन पुष्पगुच्छ होते. एक केबलवाल्यांचा, पाठिंब्याबद्दल. दुसरा उपग्रहवाल्यांचा, कडाडून विरोध केल्याबद्दल. सगळ्या सभागृहात पाटी डोक्यावर घेऊन नाचवणारे तुम्हीच, असं त्यांनी खास कळवलं होतं. जो तो आपल्या बाजूची यादी तेवढी वाचून खूश होता.

"अकरा वर्षं मला जमलं नाही ते तुम्ही एका दुपारी केलंत," मंत्री म्हणाले.

"साहेब, मला गार वाजत होतं."

"वा! विचारलं कुणी, तर हेच सांगायचं."

रावांनी धीर करून कॅबिनचा विषय काढला. मंत्र्यांनी सचिवबाईंकडे पाहिलं. सचिवबाईंनी छताकडे पाहिलं. सहसचिव परिषदांना जात नाहीत, आणि असा माणूस परिषदेतून हलवणं देशाला परवडणारं नाही, असं रावांना फार गोडीने समजावण्यात आलं. टेबल कपाटाशेजारीच राहिलं. कूलर मात्र नवा आला, पहिल्यापेक्षा मोठा.

बायकोने पडद्यांची फुलाफुलांची कानटोपी शिवली. "कानाशी भोकं ठेवलीत," ती म्हणाली. "पुढच्या वेळी काय चाललंय ते जरा ऐका."

रावांनी ती कौतुकाने ऑफिसात नेऊन दाखवली. सचिवबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि संध्याकाळच्या आत लेखी आदेश काढला, की परिषदेपूर्वी दोन्ही भोकं शिवून घ्यावीत.