साळवे काकांची चौदा अ‍ॅप

साळवे काकांच्या मोबाईलमध्ये कामांच्या याद्या करायची चौदा अ‍ॅप होती आणि करायला काम एकही नव्हतं. निदान आमच्या सोसायटीचं असं ठाम मत होतं. माझंही होतं.

सावेडीतल्या आमच्या इमारतीत काका तिसऱ्या मजल्यावर राहतात, मी दुसऱ्या. मी ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, हा माझा गुन्हा. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईला टीव्हीच्या रिमोटपासून आधार कार्डापर्यंत काहीही विचारायची मुभा असते असं लोक समजतात. काकांनी मात्र मला एकच प्रश्न विचारला. तो सात-आठ महिने विचारला.

"मॅडम, यातलं कुठलं ठेवू?"

मी स्वयंपाकात असो, पेपर तपासत असो, मुलाच्या डोक्याला तेल चोळत असो. दारात काका, हातात मोबाईल, काखेत लांबट वही. वहीत फूटपट्टीनं आखलेले रकाने. अ‍ॅपचं नाव, अक्षर केवढं, मराठी बोलतं का, आवाज कसा, आणि शेवटचा रकाना 'टेल'.

हा टेल काकांच्या नोकरीतला. ते पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. राहुरी, देवळाली प्रवरा या पट्ट्यात जन्म गेला. कालव्याला पाणी सुटलं की कुणाच्या उसाला कुठल्या दिवशी किती तास पाणी, याची यादी काका करायचे. कालव्याच्या तोंडाशी ज्यांची रानं ते हेडवाले, अगदी शेवटाला ज्यांची ते टेलवाले. हेडवाले पाणी दाबून घेतात आणि टेलवाले आभाळाकडे बघतात, हे मला काकांनीच सांगितलं.

"ह्या अ‍ॅपचं तसंच हाय," ते म्हणायचे. "सकाळची कामं धडाधडा सांगतंय. संध्याकाळच्याला मुकं. टेलला पानीच न्हाई." आणि रकान्यात फुली.

एका अ‍ॅपवर काम झाल्याची खूण केली की पडद्यावर फटाके उडायचे. काकांनी तेही आणून दाखवलं. "दात घासले म्हणून ह्यानं दिवाळी केली बघा. आमी भर उन्हात कालव्याकडंनं सायकल हाणली, कुनी शाब्बास म्हनलं न्हाई." फुली. दुसऱ्या अ‍ॅपनं उघडल्या उघडल्या विचारलं, तुमचं आयुष्याचं ध्येय काय? काकांनी तो प्रश्न मला मोठ्यानं वाचून दाखवला. "रिटायर झाल्यावर विचारतात व्हय हे?" फुली.

त्यांच्या मागण्याही विचित्र होत्या. अक्षर बोराएवढं पाहिजे. बोलणं मराठीत पाहिजे, पण दम दिल्यासारखं नको. आणि केलेलं काम यादीतून पुसलं जायला नको. ही शेवटची अट तर कुठल्याच अ‍ॅपला पटेना. काम झालं की ते डोळ्यांसमोरून नाहीसं करणं यातच त्यांना मोठेपणा.

"केलेल्या कामाचं काय लोणचं घालायचंय, काका?" मी एकदा वैतागून म्हणाले.

"दिसत ऱ्हायलं पायजे. झालंय का न्हाई ते कळाया पायजे."

काका मूळचे कडवट. त्यालाही कारण होतं. "ज्यांच्या बापानं माझ्या बापाला ओट्याला हात लावू दिला न्हाई," ते एकदा म्हणाले, "ती मानसं माझ्या ओट्यावर चपला काढून बसायची. साळवे साहेब, आमचं नाव जरा वर घ्या. मी कुनाचं वर घेतलं न्हाई, कुनाचं खाली ढकललं न्हाई. रिटायर झालो आन् दुसऱ्या महिन्यात राहुरीच्या स्टँडवर त्यातल्याच एकानं मला बघून तोंड फिरवलं. हातभर अंतरावरनं." हे सांगताना ते वहीत रेघा ओढत होते. रेघ कुठे वाकडी गेली नाही.

सोसायटीत काका म्हणजे करमणूक होती. एकदा वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवर भांडण रंगात आलं असताना काकांच्या खिशातून एक बाई मोठ्यानं बोलली, "गोळी घेतली का?" सगळा हॉल हसला. सेक्रेटरी म्हणाले, "काकांना अ‍ॅपनं दत्तक घेतलंय." त्यानंतर ग्रुपवर कुणीतरी 'आज काकांचे नवे अ‍ॅप कोणते?' असं रोज टाकायला लागलं. त्याखाली हसणारे चेहरे. त्यात दोन माझेही असायचे.

कमल काकू अगदी उलट. त्या खरोखरच कामाच्या. महिला मंडळ, वर्षावासातलं वाचन, आणि मंगळवारी, शुक्रवारी विहाराशेजारच्या सभागृहात शिवणाचा क्लास. आमच्या इमारतीतल्या निम्म्या बायकांची ब्लाउजं त्यांच्या हातची. माप कधी लिहायच्या नाहीत. एकदा टेप लावली की पाच वर्षांनीही तुमचा दंड त्यांच्या डोक्यात. काकांच्या नादाबद्दल विचारलं तर म्हणायच्या, "खेळू द्या. दारू-पत्त्यापेक्षा बरं."

श्रावणात त्यांनी मला ब्लाउज शिवून दिलं, त्याच्या दोन्ही बाह्या डाव्या होत्या. मी सगळ्या जिन्याला दाखवून हसले. संध्याकाळी काका स्वतः ते न्यायला आले. "चूक माझी हाय मॅडम. कापड मी कापलं," म्हणाले. मी म्हटलं, "काका, आता कात्रीही तुम्हीच? तेवढं तरी काकूंना करू द्या." काका ब्लाउजाची व्यवस्थित घडी घालून घेऊन गेले.

पुढच्या रविवारी दुपारी मी पेपरांच्या गठ्ठ्यात बुडालेली असताना बेल वाजली. काका. चौदावं अ‍ॅप. त्या दिवशी कामवाली आली नव्हती, नवरा गावाला, सासूबाईंचं काहीतरी बिनसलेलं. माझा तोल गेला.

"काका, तुम्हाला नेमकं काम काय असतं हो? सकाळी उठता, पेपर वाचता, झोपता. त्याला यादी कशाला लागते? इथे मला श्वास घ्यायला वेळ नाही आणि मी मोबाईलमध्ये एक ओळ लिहीत नाही!"

काका दारातच उभे होते. मग आत आले, न सांगता खुर्चीवर बसले. आठ महिन्यांत पहिल्यांदा बसले.

"मला न्हाई लागत मॅडम," ते म्हणाले. "कमलला लागतंय."

मग त्यांनी जे सांगितलं ते खाली मान घालून सांगितलं. जानेवारीत एका मंगळवारी काकू क्लासवरून आल्याच नाहीत. काका शोधायला निघाले तर दोन चौक पलीकडे एका मेडिकलच्या सावलीत उभ्या. दीड तास. घराकडचा रस्ता आठवेना आणि लाजेनं कुणाला विचारवेना. काकांना बघून म्हणाल्या, "तुमचीच वाट बघत हुते." मग डाळीत दोनदा मीठ. बीपीची गोळी कधी दोनदा, कधी नाहीच. डॉक्टरांनी काय ते सांगितलं, पण काकूंना ते मान्य नव्हतं. म्हणाल्या, मला काय झालंय? वय झालंय.

"पुण्याला पोराला फोन केला," काका म्हणाले. "तो म्हनला, पप्पा, सध्या लई कामात हाय. मम्मीच्या मोबाईलमध्ये एखादं टू-डू अ‍ॅप टाकून द्या. सगळं आठवन करून देतंय ते. झालं त्याचं." काकांनी त्या 'झालं त्याचं'वर माझ्याकडे बघितलं. "मी तिला सांगितलं, अ‍ॅप मला पायजे. माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई. तू जरा वापरून बघ आन् मला शिकव. तसं म्हनलं तर ती हात लावती."

माझ्या मांडीवर पेपर होते. सभेत वाजलेली गोळी कुणाची, बाह्या कुणी कापल्या, पुसू नये ती कामं कोणती, हे सगळं एकामागून एक माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. माफी मागायला हवी होती. मी चहा केला. आपल्याकडे माफीच्या जागी चहाच होतो.

त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून चौदातलं एक निवडलं. अक्षर बोराएवढं, आवाज समजूतदार, झालेल्या कामाशेजारी हिरवी खूण आणि काम जागच्या जागी. मी दोन्ही मोबाईल जोडून दिले, म्हणजे काकूंनी खूण केली की काकांना दिसणार. सकाळची गोळी. गॅस बंद. दुपारचं जेवण. संध्याकाळची गोळी. काकांनी टेलपर्यंत तपासलं आणि रकान्यात पहिल्यांदा बरोबरची खूण केली.

महिनाभर काका वेगळे दिसत होते. खाली भेटले की मोबाईल काढून दाखवायचे. सगळं हिरवंगार. "एक काम चुकत न्हाई मॅडम. हेडपासनं टेलपर्यंत पानी." दाढी रोज व्हायला लागली. गॅसपाशी जाऊन बटण तपासायचं त्यांनी सोडलं. काकूंच्या मागे मागे फिरायचं सोडलं, त्यांचा अपमान होतो म्हणून. खूण हिरवी आहे ना, मग झालं.

आता जे सांगायचंय ते माझ्याबद्दल आहे.

एका सकाळी जिन्यात काकू भेटल्या. मी घाईत, खाली रिक्षा उभी. त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "ह्यांचं डोकं आता चालंना बघा. त्या मोबाईलच्या नादी लागलेत. खूण दिसली न्हाई की कावरेबावरे व्हतात. म्हनून मी काय करते, सकाळी उठल्या उठल्याच सगळ्यांवर खुना करून टाकते. दिवसभर बिचारे खूश ऱ्हातात."

मी हसले. "काकू, तुम्ही म्हणजे अगदीच," असं काहीतरी बोलले आणि रिक्षात बसले. कॉलेजात पोचेपर्यंत विसरले. माझी स्मरणशक्ती उत्तम आहे, असं सगळे म्हणतात.

त्यानंतर नवव्या दिवशी दुपारी काकू स्वयंपाकघरात कोसळल्या. बीपी कुठच्या कुठे गेलेलं. दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा काका बाकावर बसून मोबाईल पुढे करत होते, ज्याला त्याला, अगदी वॉर्डबॉयलाही. "हे बघा, गोळी घेतल्याली हाय. हिरवं हाय. सकाळचं पन हाय, संध्याकाळचं पन." तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. संध्याकाळची खूणही हिरवी होती. ते त्यांच्या लक्षात माझ्यादेखत आलं. त्यांनी मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला. घरी उशीखाली गोळ्यांची पाकिटं सापडली, तशीच्या तशी.

जिन्यातलं बोलणं मी काकांना सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. आज इथे लिहिते आहे, कारण काका असलं काही वाचत नाहीत.

काकू वाचल्या. उजवा पाय जरा ओढतात आणि रस्ते आणखी पुसट झालेत. मुलगा शनिवारी आला, रविवारी गेला. सोमवारी त्याचा फोन आला तेव्हा मी वरच होते. काकांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. "पप्पा, एक नवीन अ‍ॅप आलंय, हातात बांधायच्या घड्याळात चालतं. मी लिंक पाठवतो." काका म्हणाले, "पाठव." फोन ठेवला आणि बाजूला बसून एकेक करत चौदाही अ‍ॅप काढून टाकली. एका अ‍ॅपनं विचारलं, 'तुम्ही आम्हाला का सोडून जात आहात?' खाली पाच कारणं दिली होती. काकांनी पाचही वाचली. त्यांचं कारण त्यात नव्हतं.

क्लास मात्र काकूंनी सोडला नाही. हात अजून चालतो, पोरीच आता मापं वहीत लिहून घेतात. काकांनी त्यांना थांबवलं नाही. ते फक्त मागे जातात, वीसेक पावलं ठेवून, त्यांना कळणार नाही असे. क्लास दोन तासांचा. तेवढा वेळ सभागृहाच्या पायरीवर बसून राहतात. समोरच्या पानटपरीवरचे लोक हसतात. "बायकोचा पट्टेवाला," असं एकजण त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. त्यांनी ऐकलं.

परवाच्या शुक्रवारी मी कॉलेजातून येताना तिथे थांबले. ऊन चटचटत होतं. "काका, घरी चला, सरबत घेऊ. क्लास सुटायला अजून वेळ आहे," मी म्हणाले.

"नको. आज लवकर सुटला तर?" ते म्हणाले. "भायेर आल्यावर ती पयल्यांदा उजवीकडं बघती. उजवीकडं कोन दिसलं न्हाई तर तिकडंच चालाया लागती, आन् घर तर डावीकडं."

मग मीही पायरीवर बसले. क्लास सुटला, पोरी किलबिलत बाहेर पडल्या, सगळ्यांच्या मागून काकू आल्या. दारात थांबल्या, उजवीकडे बघितलं. काका तिथेच उठून उभे होते. काकूंच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग थोडा राग, आणि रागाच्या आतून लाज, नव्या नवरीला यावी तशी.

"अगं बाई! तुमी कशाला आलात?"

"काय न्हाई," काका म्हणाले. "हिकडनं चाललो हुतो. म्हनलं, तुझा क्लास सुटला असंल."

एक पोर माझ्या शेजारी चप्पल घालत होती. ती म्हणाली, "मॅडम, दर वेळेला हेच बोलतात दोघं. अगदी हेच."