वायर वाढव!

फर्निचर हलवायला ताकद लागत नाही, डोकं लागतं! श्रीवर्धनला एसटीतून उतरल्या उतरल्या मी हे गोदूआत्याला ऐकवलं. घरातल्या प्रत्येक वस्तूचं माप मागच्याच खेपेला घेतलं होतं. ग्राफच्या कागदावर घर आखलं होतं, पुठ्ठ्याचं कपाट, पुठ्ठ्याचा पलंग आणि पुठ्ठ्याचं टेबल कापून त्यावर सरकवून पाहिलं होतं. फार तर तासाभराचं काम!

आत्यानं पुठ्ठ्याचं कपाट दोन बोटांत धरून पाहिलं. "हलकं आहे हो. खरं शिसवी आहे, माहीत आहे ना?"

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. सगळा जन्म सुपारीच्या वाडीत आणि बाबांशी भांडण्यात काढला. चार महिन्यांपूर्वी बाबा गेले आणि भांडायला कोणी उरलं नाही. तेव्हापासून ती मधल्या खोलीत, जिथे भरदुपारीही दिवा लावावा लागतो, बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसून असते. म्हणून माझा बेत असा, की कॉम्प्युटरचं टेबल पडवीत, उजेडात आणायचं. टेबलामागोमाग आत्या येईलच.

अडचण एकच होती. तो कॉम्प्युटर सुरूच ठेवून हलवायचा होता!

त्यावर एकच खेळ आहे. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून खाली ओळी जुळवायच्या. मी कॉलेजात असताना बाबांनी तो फ्लॉपीवर आणला. दोन वर्षांपूर्वी फ्लॉपीला बुरशी लागली. खेळ अजून उघडतो, पण फ्लॉपीवर नवीन काही साठत नाही, आणि मशीन बंद झालं की विक्रमांची यादी पुसली जाते. म्हणून बाबांनी मशीन बंद करणंच सोडून दिलं. लाईट गेले की यूपीएस, आणि यूपीएस थकायच्या आत शेजाऱ्यांचा जनरेटर! यादीत सगळ्यात वर नाव होतं व्ही-आय-एस, आणि पुढे अठ्ठेचाळीस हजार दोनशे साठ. विश्वंभरमधली पहिली तीन अक्षरं, कारण खेळात तीनच मावतात. मी बाबांना ‘विष’ म्हणून चिडवायचे.

सातबारा, बँक, गॅसचं पुस्तक, सगळीकडून बाबांचं नाव कमी करायचे अर्ज मीच भरले होते. हे एक नाव कमी करायला कुठे अर्ज नव्हता. ते तिथेच राहायला हवं होतं.

वाडीत काम करणारा बुधाजी मदतीला आला. आधी दारातलं कपाट बाजूला घ्यायचं होतं. माझ्या कागदावर ते दोन चौकोन सरकलं की काम झालं होतं. प्रत्यक्षात ते माजलेल्या रेड्यासारखं चारही पाय रोवून उभं राहिलं.

"ताई, ह्या कागदावर वजन लिवलाय का कुठं?" बुधाजीनं विचारलं.

"बुधाजी, आधी उचला!"

"उचलतोय. त्योच मला उचलंल असं वाटतंय."

कपाट हलण्यात पाऊण तास गेला. मग मुख्य मोहीम! यूपीएसचा प्लग भिंतीतून काढला. आता हातात सहा मिनिटं. बुधाजी आणि मी टेबल उचललं, मागून आत्या यूपीएस तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून निघाली. बाळ टीं टीं करून रडत होतं.

टेबल दारात अडकलं.

"न्हाय बसत, ताई."

"बसणार! मी मोजलंय!"

"दाराला म्हाईत न्हाय त्ये."

"थांबा दोघं!" आत्या कडाडली. "बुधाजी, डावीकडं! क्षिप्रा, अर्धं फिरव! अजून फिरव! आता सोड!" टेबल लोण्यातून सुरी जावी तसं पडवीत उतरलं. मी थक्क!

पण पडवीत यूपीएसची वायर भिंतीतल्या प्लगला वीतभर कमी पडली. बाळाचं रडणं आता अखंड झालं. जोडवायरचं भेंडोळं झोपाळ्यावर, आत्याच्या हाताशी पडलं होतं. मी टेबलाखालून जिवाच्या आकांतानं ओरडले, "आत्या, वायर वाढव! लवकर वाढव!"

खट्!

पडद्यावर एक ठिपका राहिला. मग तोही गेला.

"वाढवली," आत्या म्हणाली. तिचं बोट यूपीएसच्या बटणावर होतं.

इथे मला आमच्या भाषेची तक्रार करायची आहे! आमच्याकडे नारळ फुटत नाही, वाढतो. दुकान बंद होत नाही, वाढतं. दवाखान्यात डॉक्टर "हृदय बंद पडलं" म्हणाले, तेव्हापासून आत्यानं तो शब्दच घराबाहेर काढलाय. आता तिचा दिवाही वाढतो, रेडिओही वाढतो. मागच्या खेपेला ती म्हणाली "पंखा वाढव", मी पाचवर केला आणि निवडलेल्या तांदळाचा कोंडा तिच्या केसांत गेला. माणसानं बोलायचं तरी कसं!

"बंद केलास तू!" मी किंचाळले.

"तूच म्हणालीस वाढव."

"व्हय ताई," बुधाजीनं साक्ष दिली. "दोनदा बोललात. म्यापन ऐकला."

"अगं, बाबांचं नाव होतं ते! त्यांचा विक्रम होता!"

आत्यानं यूपीएस झोपाळ्यावर आदळला. "दादाचा? अठ्ठेचाळीस हजार दोनशे साठ दादाचे? माझे होते ते! एकादशीच्या दिवशी, उपाशीपोटी काढलेले!"

"काय?"

"तो खेळला की दोन मिनिटांत ढिगाऱ्याखाली! मग माझ्या खुर्चीमागे उभं राहून नुसत्या सूचना. त्याही चुकीच्या!"

"मग तुझं नाव का नाही घातलंस?"

"घातलं होतं की! गोदूची तीनच अक्षरं मावली. जी, ओ, डी. दादा ओरडला, अगं, साक्षात देवाला ठोकळे खेळायला बसवलंस! पूस ते! मग त्याचं घातलं. केवढा खूश झाला मेला..."

आत्यानं जीभ चावली. बुधाजी वाडीतल्या पोफळीकडे बघू लागला. आणि मग आत्याला हसू फुटलं, इतकं की तिला झोपाळ्यावर बसावं लागलं. चार महिन्यांत पहिल्यांदा! मी मात्र हसले नाही. माझा राग अजून पुरता संपला नव्हता, आणि मला वेगळीच काळजी लागली होती.

त्याचं असं आहे. बाबा जिथे शिकवायचे त्या शाळेत झालेल्या शोकसभेत मी वीस मिनिटं बोलले होते. उतारवयातली एकाग्रता म्हणजे काय, हे अठ्ठेचाळीस हजार दोनशे साठ हा आकडा तीनदा उच्चारून मी सांगितलं होतं. मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथे बाबांच्या नावानं ‘एकाग्रता ढाल’ जाहीर केली. ती ढाल तयारही झाली आहे. आकडा कोरून!

त्या सभेत आत्या पहिल्या रांगेत होती. तोंडाला पदर लावून गदगदत होती. ती रडते आहे, असं मी आजवर समजत होते.