तोंडाने गाडी चालवणारे दौलतनाना

दौलतनानांची गाडी आवाज करत नाही, म्हणून दौलतनाना करतात.

हे मी अलंकारिक वगैरे लिहीत नाहीये. गाडी विजेवर चालणारी, पांढरी, पुण्यातल्या मुलाने घेऊन दिलेली. बटण दाबलं की एक हिरवा दिवा लागतो आणि गाडी तयार. पण नानांना ते पटत नाही. ते घसा खाकरतात. मग "च्यक्-च्यक्-च्यक्", म्हणजे स्टार्टर. हिवाळ्यात ही च्यक्-च्यक् लांबते, कारण थंडीत डिझेल लवकर पेट घेत नाही. मग "भुर्रर्र" करून इंजिन पेटतं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी "डग डग डग डग" सुरू होते. गाडी तेव्हा जागची हललेलीही नसते. इंजिन गरम होत असतं. विजेच्या गाडीचं.

या गाडीला गिअर नाहीत. नानांना आहेत, चार. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना ते श्वास मधेच तोडतात आणि डावा पाय दाबतात. त्या पायाखाली काही नाही, तरी तिथली मॅट झिजून पांढरी पडली आहे. गतिरोधक आला की "खण्ण! खळ्ळ!" हा पातेल्यांचा आवाज. नानांचा पूर्वी मंडप आणि लग्नाची भांडी भाड्याने द्यायचा धंदा होता, आणि तो माल त्यांच्या जुन्या डिझेल जीपमधून गावोगाव जायचा. जीप भंगारात गेली, पातेली विकली, पण नानांच्या तोंडात दोन्ही शिल्लक आहेत.

शिवाय या इंजिनात एक बिघाड आहे. "डग डग डग" छान चालू असतं आणि मधेच नाना म्हणतात, "हां." पुन्हा डग डग, आणि "हां हां. बरोबर शे", म्हणजे बरोबर आहे. पुन्हा डग डग. चहाच्या टपरीवरची पोरं याला मिसफायर म्हणतात.

आता माझा याच्याशी संबंध काय, ते सांगते. माझ्या आईला भाजी घेऊन येताना एका विजेच्या स्कूटरने मागून पाडलं. स्कूटरचा आवाजच आला नाही. आई उठली, टोमॅटो उठले नाहीत. तेव्हापासून मी पत्रकं छापते: "मुक्या गाड्यांना वाचा द्या!" मोटारींना कंपनी एक नकली आवाज बसवून देते, पण तो गाडी हळू असतानाच येतो. वेग वाढला की आपोआप बंद होतो, कारण पुढे चाकांचाच आवाज पुरतो असं म्हणतात. आणि तो आवाज तरी कसा? "हूंऽऽऽ". कुणाला विचारून ठरवला? जळगावच्या भर उन्हात एखाद्या म्हातारीला मागून असा "हूंऽऽऽ" ऐकू आला, तर ती बाजूला होईल की देवाचं नाव घेईल? नानांचं त्या आवाजाबद्दलचं मत माझ्याहून स्वच्छ आहे. "पोटात वात धरल्यासारखं करते गाडी," ते म्हणतात. "तिला ओवा द्या."

अशा माणसाला मी चळवळीत ओढणार नाही तर कुणाला? मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले. नाना एका उपड्या पातेल्यावर बसले होते. सगळी भांडी विकली, हे एक ठेवलं, बसायला. त्यांनी पत्रक हात लांब करून शेवटपर्यंत वाचलं.

"इतकी उद्गारचिन्हं कशाला, माय? वाचतानाच कान दुखले."

"नाना, तुम्ही पादचाऱ्यांसाठी जे करताय ना, ते सरकारने करायला पाहिजे. तुम्ही आमच्या मोर्चात पुढे चाला."

"पादचारी?" नानांनी चष्मा काढला. "मी पादचाऱ्यांसाठी नाही करत."

"मग कुणासाठी करता?"

"गाडी बोलली पाहिजे," नाना म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते माझ्याशी शुद्ध बोलायला जातात आणि दोन वाक्यांत शिंदखेड्याला, म्हणजे आपल्या मूळ गावाला पोचतात. "गाडीनं बोलाले पाहिजे. मुकी गाडी काय कामनी शे?"

उत्तर मला पुरलं नाही. कारण एकदा त्यांनी मला एरंडोलपर्यंत नेलं होतं आणि तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. आपली गल्ली सुटली की गावात, दवाखान्याजवळ, शाळेजवळ, नाना इंजिन अगदी बारीक करतात. हायवेला लागले, दोन्ही बाजूंना कपाशीशिवाय कुणी उरलं नाही, की गळा मोकळा सोडतात. जिथे पादचारी आहे तिथे आवाज नाही, आणि जिथे चिटपाखरू नाही तिथे डिझेलचा कारखाना! हा कुठला न्याय?

त्याच दिवशी आमचं एक भांडणही झालं होतं. मी पुढचं डावं दार उघडलं, तर नाना म्हणाले, "मागे बस."

"का? ही काय टॅक्सी आहे?"

"मागे हवा चांगली लागते."

काचा बंद, एसी चालू, आणि म्हणे हवा. त्या पुढच्या सीटवर कुणीच नव्हतं, तरी तिचा पट्टा मात्र लावलेला होता. मी विचारलं तर म्हणाले, "नाही लावला तर गाडी टिंगटिंग करते." रिकाम्या सीटसाठी कुठलीही गाडी टिंगटिंग करत नाही. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी दुसरा गिअर टाकला.

नानांच्या पत्नी, ज्यांना सगळी गल्ली जिजी म्हणायची, त्या गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात ही गाडी आली. वडील घरात एकटे बसून राहू नयेत, हा मुलाचा हेतू. नाना बसून राहिले नाहीत. दर दोन-चार दिवसांनी उठून ते धुळ्याला जातात.

"धुळ्यात काय काम असतं?"

"काही नाही. चहा पितो, परत येतो."

"चहा जळगावात मिळत नाही?"

"मिळतो ना," नाना म्हणाले. एवढंच.

घोटाळा झाला तो पेट्रोल पंपावर. विजेची गाडी घेऊन पंपावर जाणारा हा खानदेशातला बहुधा एकमेव माणूस. जुनी ओळख, म्हणून हवा भरायला जातात आणि डिझेलच्या रांगेत गप्पा मारत उभे राहतात. तिथून निघताना त्यांनी स्टार्टर मारला आणि कुणीतरी मोबाइलवर टिपला. तो व्हिडिओ गटागटांतून फिरत पुण्याला, त्यांच्या मुलाच्या ऑफिसात पोचला. त्याखाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग. लोकांना लाज नाही.

आठवडा संपायच्या आत मुलगा हजर. प्रकाशभाऊ. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर कायमची आठी. मी ओट्याच्या पायरीवरून सगळं ऐकत होते. चोरून नाही, उघड.

"नाना, किल्ली द्या. गाडी विकू आणि तुम्ही पुण्याला चला."

"पुण्याला येऊन काय करू? लिफ्टचा आवाज काढू?"

"मस्करी नका करू. लोक म्हणतात तुमचं डोकं फिरलंय."

तेव्हा मी उठले. नागरिकाच्या तोंडावर बंदी घालणारे तुम्ही कोण, कुठल्या कायद्यात आहे, गाडी नीट चालवणाऱ्या माणसाची गाडी काढून घेणं ही दडपशाही आहे, असं बरंच बोलले.

"तुम्ही कोण?" प्रकाशभाऊंनी विचारलं.

"ती पत्रकवाली," नाना म्हणाले. "तिला बोलू दे, नाहीतर छापेल."

प्रकाशभाऊ पायरीवर बसले. एकदम दमल्यासारखे. "मला एवढंच बघायचंय," ते माझ्याकडे बघून हळू म्हणाले, "की यांना हे कळतं ना, की त्या गाडीला इंजिन नाहीये? ते कळत नसेल तर मी यांना इथे एकटं कसं सोडू?"

हा प्रश्न मोर्चाने सुटणारा नव्हता. म्हणून मी अट मांडली. उद्या जळगाव ते धुळे. नाना चालवतील, तोंड बंद ठेवून. नीट पोचले तर गाडी आणि नाना दोघं इथेच राहतील. नाही जमलं तर किल्ली प्रकाशभाऊंची. निरीक्षक मी.

नानांनी बसल्या पातेल्यावर टिचकी मारली. "बरं," म्हणाले.

सकाळी प्रकाशभाऊंनी पुढचं दार उघडलं. "मागे," नाना म्हणाले. इस्त्रीचा शर्ट माझ्या शेजारी येऊन बसला. नानांनी तोंडात लवंग टाकली आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. च्यक्-च्यक् नाही, भुर्रर्र नाही. टपरीवरची पोरं चहा धरून बघत राहिली.

गावातून गाडी कंपनीच्या आवाजात चालली. "हूंऽऽऽ". पाळधी मागे टाकली, वेग वाढला आणि तोही थांबला.

मी गाड्यांच्या मुकेपणावर इतकी पत्रकं लिहिली, पण तो आतून कधी ऐकला नव्हता. एसीचा श्वास आणि चाकांची सळसळ. प्रकाशभाऊंच्या घड्याळाचा पट्टा हलला तर कळत होतं. नानांचा जबडा घट्ट, डावा पाय झिजलेल्या मॅटवर उगाच दाबतोय, सोडतोय. थोड्या वेळाने गाडी हळू झाली. इतकी हळू, की कंपनीचा "हूंऽऽऽ" परत आला. मागून ट्रक बोंबलायला लागले.

"नाना, हायवे आहे. जोरात घ्या."

नानांनी वेग वाढवला. हूं बंद. जरा वेळाने पुन्हा गाडी हळू, पुन्हा हूं. ज्या आवाजाला ओवा द्यायला निघाले होते, त्याच आवाजासाठी नाना गाडी बैलगाडीसारखी चालवत होते. एरंडोल गेलं. पारोळा गेलं. पुढे एका लिंबाखाली त्यांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. मागे न बघता किल्ली खांद्यावरून मागे धरली.

"घे. नाही जमत."

"काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"नाही रे."

गाडीचे धोक्याचे दिवे टिकटिकत होते. तेवढाच आवाज. नाना समोरच्या काचेशी बोलावं तसं बोलायला लागले.

"तुझी माय तिथं बसायची. भांड्यांबरोबर यायचीच ती, माझ्यावर भरवसा नव्हता. घरी बोलायला तिला फुरसत कुठे. हायवेला लागलो की सुरू करायची, ते धुळं येईपर्यंत. आणि जीपचा तो आवाज, मागे पातेली. मला एक अक्षर ऐकू यायचं नाही. मी आपला हां, हां, बरोबर शे. सगळी वर्षं तसंच." त्यांनी डावीकडच्या रिकाम्या सीटचा पट्टा उगाच सरळ केला. "माले माहीत शे गाडीले इंजिन नही. येडा थोडी शे मी? पण आवाज चालू असला ना, म्हणजे वाटतं ती बोलत असेल, मलाच ऐकू येत नसेल. या गाडीत सगळं ऐकू येतं रे, प्रकाश. ही टिकटिकसुद्धा ऐकू येते."

एक ट्रक गेला, गाडी किंचित हलली. मी पत्रकांची पिशवी पायाने सीटखाली सरकवली.

प्रकाशभाऊंनी किल्ली पुढे धरली.

"चला, नाना."

"नाही. अट म्हणजे अट."

"अट तुमच्या तोंडाची होती," प्रकाशभाऊ म्हणाले. मग शर्टाचं वरचं बटण काढलं, घसा खाकरला आणि माझ्याकडे अजिबात न बघता म्हणाले, "च्यक्-च्यक्-च्यक्."

नाना हलले नाहीत.

"च्यक्-च्यक्-च्यक्-च्यक्-च्यक्..."

"अरे, एवढी थंडी आहे का आज?" नाना म्हणाले. "कशाला रगडतोस?"

"भुर्रर्र," प्रकाशभाऊ म्हणाले. "डग डग डग डग."

फार वाईट इंजिन होतं. मिक्सरमध्ये शेंगदाण्याचं कूट चाललंय असं वाटत होतं. पण गाडी हायवेवर आली. "दुसरा," नाना म्हणाले. प्रकाशभाऊंनी श्वास तोडला. "आता तिसरा. अरे, ओढू दे जरा तिला. हां, टाक चौथा." पुढे गतिरोधक आला, गाडी उडाली आणि नाना आरशातून म्हणाले, "पातेली कुठे गेली?"

"खण्ण!" मी म्हणाले. "खळ्ळ!"

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा इंजिन चालू होतं आणि त्यांचं तोंड मोकळं होतं. मागून मला त्यांचा अर्धाच चेहरा दिसत होता. मान हळूहळू डावीकडे कलली, शेजारचं माणूस सांगतंय आणि आपलं लक्ष रस्त्यावर आहे, अशी.

"हां," नाना म्हणाले.

डग डग डग.

"हां हां. बरोबर शे."

मुकटी गावाच्या अलीकडे प्रकाशभाऊंचा दम संपला. आवाज तुटला आणि गाडीत पुन्हा ती सळसळ आली. नानांनी मागे पाहिलं नाही. फक्त स्टिअरिंगवरचा डावा हात उचलून घाईने हलवला.

"बंद नको पाडू रे. तुनी मायनं बोलनं चालू शे आजून."