धानोरकर सरांची कायदेशीर शेड

"आठ दिवसांत शेडची परवानगी आणून दाखवतो! तीही कायद्यानं!" रेणुकादास धानोरकर सरांनी जेवताना जाहीर केलं. त्यांच्या बायकोनं, लताबाईंनी, पानात भाकरी वाढली आणि नुसतं म्हटलं, "बरं." बत्तीस वर्षं संसार केलेल्या बाईच्या 'बरं'चा अर्थ सरांना अजून कळलेला नव्हता. त्यांना नागरिकशास्त्र तेवढं कळायचं. ते त्यांनी बोरजाईच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं होतं.

बोरजाई म्हणजे नांदेडहून भोकरकडे निघालं की मधे लागणारं गाव. मे महिन्यात इथं असं वादळ सुटतं की पत्रे पतंगासारखे उडतात. एका साली देवळाजवळचा पत्रा थेट स्टँडवर जाऊन उतरला. एसटीच्या आधी पोचला म्हणे!

अशा गावात लताबाईंची घरघंटी परसात ताडपत्रीखाली उभी होती. अर्धी कॉलनी तिच्यावर दळण दळून न्यायची. गेल्या वादळात ताडपत्री उडाली, पाणी शिरलं आणि मोटर जळाली. "या खेपेला मोटर गेली ना, तर मी बी गेले हिमायतनगरला माहेरी," असं लताबाईंनी शांतपणे सांगून ठेवलं होतं.

शेजारचे अण्णाराव कंपाउंडवरून म्हणाले, "सर, लई सोपं हाय. चार पाइप, आठ पत्रे. माझी बघा की, एका रविवारात उभी केली."

"अण्णाराव, कायदा नावाची काही चीज असते!"

"हाव, असंल की. पण ती पाऊस अडवती का?"

असल्या अडाणी प्रश्नांना सर उत्तर देत नसत. ते नगरपरिषदेत गेले.

बांधकामाच्या टेबलावर अमरनाथ बसला होता. सरांना पाहून तो उभाच राहिला. "सर! तुम्ही मला नागरिकशास्त्रात दोनदा नापास केलं होतं!" हे त्यानं इतक्या आनंदानं सांगितलं की सरांनी घाईघाईनं अर्जच मागितला.

अर्जात 'प्रयोजन' असा एक रकाना होता. तिथं 'घरघंटी ठेवणे' एवढं लिहिलं असतं तर ही कथा इथंच संपली असती. पण तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेला माणूस दोन शब्दांत थांबतो होय? सरांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'वादळवाऱ्यापासून संरक्षण व निवारा मिळावा, या सद्हेतूने.'

अमरनाथनं ते दोनदा वाचलं. "भारी लिवलंत सर! पण हे माझ्या टेबलाचं काम न्हाई. हे आपत्ती निवारणाच्या टेबलाचं."

अर्ज पलीकडच्या टेबलावर गेला. सर घरी येऊन म्हणाले, "फाइल पुढं सरकली!"

आठ दिवस गेले. पंधरा गेले. बाविसाव्या दिवशी आपत्तीच्या टेबलाच्या तनुजा मॅडम मोजपट्टी घेऊन परसात हजर झाल्या.

"वादळाच्या दिवसांत इथं किती लोक येतील?"

सरांना वाटलं, दळणाचं विचारतात. उन्हाळ्यात पापड-कुरडयांमुळं गर्दी असतेच. "साठेक तरी. सगळ्या बायाच."

"फक्त महिला?" मॅडमनी लिहून घेतलं. "धान्याची सोय?"

"ज्याचं त्यानं आणायचं. पीठ मात्र आमच्याकडं कधीच कमी पडत नाही!" सर अभिमानानं म्हणाले.

"फार मोठं मन आहे तुमचं," मॅडम म्हणाल्या. घरघंटीला मन कशाला लागतं, हे सरांना समजलं नाही. पण स्तुती होती, म्हणून त्यांनी ती ठेवून घेतली.

चार दिवसांनी पत्र आलं. सरांनी ते लताबाईंना मोठ्यानं वाचून दाखवायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. 'आपल्या परसात वादळ निवारा केंद्र, महिलांसाठी राखीव, क्षमता साठ, मंजूर करण्यात येत आहे. पत्र्याचे छत चालणार नाही. स्लॅब अनिवार्य.'

सर धावत अमरनाथकडं गेले. "अरे, हे रद्द कर!"

"सर, मंजूर झालेलं रद्द करायला नामंजुरीचा अर्ज लागतो. त्यात प्रयोजन लिवावं लागतं." अमरनाथनं अत्यंत आदरानं पेन पुढं केला. सरांनी त्या पेनाकडं साप पाहावा तसं पाहिलं आणि ते परत आले.

तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ तांबडं झालं. वारा सुटला. आणि फाटकातून बायाच बाया आत यायला लागल्या! कडेवर लेकरं, हातात पिशव्या, एकीच्या दोरीला शेळी. निवारा केंद्रांची यादी नगरपरिषदेच्या फळ्यावर लागली होती. परसात केंद्र दिसेना, तेव्हा सगळ्या सरळ घरात शिरल्या. सर आतल्या खोलीकडं निघाले तर पलीकडच्या गल्लीतल्या नीलाबाईंनी दारात हात आडवा घातला.

"सर, कुठं निघालात? महिलांचं हाय हे."

"अहो, घर माझं आहे!"

"असंल. पत्र वाचा की."

लताबाई आत साठ बायांना चहा टाकत होत्या. त्यांनी खिडकीतून ओरडून एवढंच सांगितलं, "अहो, बाहेरच आहात, तर घरघंटी तेवढी बघा!"

सर आणि अण्णारावांनी पावसात घरघंटी ढकलत ढकलत अण्णारावांच्या शेडमध्ये नेली. तासभर वादळानं गाव धुऊन काढलं. अण्णारावांचा एक पत्राही हलला नाही. सर घरघंटीला टेकून निथळत उभे होते.

दुसऱ्या दिवशी तनुजा मॅडम पाहणीला आल्या. "छान काम झालं! पण पुरुष कुठं थांबले?"

सरांनी शेजारी बोट दाखवलं.

"अच्छा. ह्या शेडची परवानगी?"

अण्णारावांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. त्यांनी सरांकडं बघितलं. आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या धानोरकर सरांनी चष्मा सारखा केला.

"ती... माझ्याच अर्जात आहे, मॅडम. पुरुष विभाग."

आठवड्याभरात अण्णारावांच्या शेडला मंजुरीचा कागद आला. एकही अर्ज न करता! घरघंटी आता तिथंच चालते. लताबाई खूश आहेत. सरांची शेड अजून कागदावरही नाही. आणि आभाळ भरून आलं की बाया यायच्या आत ते स्वतःच चपला घालून घराबाहेर पडतात.